हातभर रॉकेटाचा भोंगा

एखादी वस्तू न उडवण्यात माणूस किती वर्षं घालवू शकतो, याचा विक्रम माझ्या साडूंच्या नावावर आहे. वस्तू तरी केवढी? पुठ्ठ्याची हातभर नळी, खाली तीन पंख, पोटात बोटाएवढं दारूचं नळकांडं आणि छत्रीच्या कापडाचं पॅराशूट. हे रॉकेट त्यांनी दोन दिवसांत केलं. ते उडवणारी पेटी करायला त्यांना तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांतले माझे सगळे रविवार त्यांनी खाल्ले.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पार्से गावचे, पण नोकरीमुळे आमच्या आमोण्यात स्थायिक झालेले. डोंगरापलीकडच्या खाणीवर सुरुंग उडवण्याचं काम त्यांचं. त्यांच्या खिशातली चावी फिरल्याशिवाय डोंगर हलत नसे. आधी भोंगा तीनदा वाजायचा, मग ते ओरडायचे, "सगळे भायर?" आणि बांधाआडून पन्नास गळे उत्तर द्यायचे, "भायर!" वीस वर्षांत त्यांच्या हातून कोणाला साधा ओरखडाही आला नाही. मग खाणी बंद पडल्या. डोंगर हलवणाऱ्या माणसाने घरात खिडकी लाव म्हटलं तरी कोणी ऐकेना. तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी, मोबाइलवर बघून बघून, ते मायक्रोकंट्रोलर शिकले.

नखाएवढी ती चिप त्यांनी माझ्या बायकोच्या साखरेच्या डब्यात बसवली. वीज पुरवायला माझ्या स्कूटरची बॅटरी काढून नेली, विचारणं हा प्रकार नाही. पेटीला एक चावी होती, ती फिरवल्यावर दुसरी चावी, मग वात जोडली आहे की नाही ते सांगणारा हिरवा दिवा, वारा मोजायला चार वाट्यांची भिंगरी, आणि शेवटी दहापासून शून्यापर्यंत उलटे आकडे. आकडा तीनवर असताना वाऱ्याने वाट्या जरा जोरात फिरवल्या की चिप सगळं रद्द करी आणि साडू आनंदाने म्हणत, "बघ! कशी थांबली!" थांबण्यात एवढा आनंद मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, म्हणणं वेगळंच. "ह्यांका गॅस पेटवा म्हटला, तरी पयली सगळ्यांका घराभायर काडतत."

दर रविवारी चार वाजता कापणी झालेल्या शेतात माझी नेमणूक लाल निशाण धरण्यासाठी. साडू शंभर पावलं मोजून चुन्याचं वर्तुळ काढणार, त्याबाहेर बसणार आणि ओरडणार, "सगळे भायर?" शेतात आम्ही दोघेच. मी निमूटपणे "भायर!" म्हणायचो. तेवढ्याने भागत नसे. "किती जाण?" दोन. "माका धरून?" हो, तुम्हाला धरून. एकदा वर्तुळात म्हैस बसली आणि ती आपण होऊन उठेपर्यंत आम्ही दीड तास उभे. मी म्हटलं, हाकलतो. तर म्हणाले, "घाय करू नको. घायेत माणूस जाता." मला म्हशीपेक्षा त्यांचाच राग आला. तो दिवसही असाच गेला.

मग त्यांच्या मनाने घेतलं की पेटीतली शिट्टी फार बारीक आहे. भंगारवाल्याकडे जाऊन त्यांनी खाणीवरचा जुना भोंगा मिळवला आणि चिपला जोडला. मी म्हटलं, दोन माणसांना सावध करायला एवढा भोंगा? ते नुसते हसले. रविवारी चारला चावी फिरली आणि भोंगा तीनदा वाजला, तसाच लांब, तसाच डोंगरावर आपटून परत येणारा.

अर्ध्या मिनिटात वाडीवरून माणसं धावत सुटली. "खाण सुरू जाली! खाण सुरू जाली!" खाणीचा माल वाहणारा शेजारचा टिपरवाला कमरेला टॉवेल गुंडाळून आला. त्याच्या टिपरच्या चाकांत गवत वाढलं होतं, आणि निघण्याआधी त्याने टिपरपुढे नारळ वाढवला होता. फुटलेल्या नारळाची एक कवड हातातच होती. खाणीवर चहा विकणारी बाई किटली घेऊन आली. आणि शेतात पाहतात तो काय, चुन्याचं वर्तुळ आणि मधोमध हातभर पुठ्ठा.

मला वाटलं, आता ह्यांना मार पडणार आणि साडू म्हणून मलाही. साडूंनी चावी काढून खिशात घातली. पण माणसं वर्तुळाच्या आत उभी होती, ते त्यांना सहन होईना. ते सवयीने ओरडले, "रेघेच्या आत कोण रवलो तो? मागे सरा!"

आणि ती सरली. मी डोळ्यांनी पाहिलं. एकेक जण बांधाआड जाऊन बसला आणि त्याने कानांवर हात ठेवले. चहावाल्या बाईने डोकी मोजली आणि साडूंना ओरडून सांगितलं, "सतरा, बापू! तुका धरून!"

"सगळे भायर?"

"भायर!"

साडूंनी खिशात हात घातला. चावी, दुसरी चावी, हिरवा दिवा. वाराही पडला. रॉकेट सुसाट वर गेलं, छत्रीचं कापड उघडलं आणि हेलकावे खात खाली आलं. पण कानांवरचे हात कोणी काढीना. जमीन हादरण्याची वाट बघत सगळे तसेच बसून राहिले.

शेवटी टिपरवाला उठला. नारळाची कवड त्याने साडूंच्या हातात दिली. "बरा गेला, बापू. आयतारा आमी येतलों. पूण भोंगो वाजय नाका."

आता दर रविवारी वीसेक माणसं येतात, "भायर!" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. निशाण धरायला माझी गरज उरलेली नाही. भोंगा साडूंनी पेटीपासून तोडला. तो त्यांच्या पडवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, आणि दर शनिवारी ते तो उघडून पुसतात, तेल घालतात. परवा मी वैतागून विचारलं, आता ह्याला कशाला तेल?

"खाण सुरू जाली तर?" ते म्हणाले. "भोंगो तयार होयो."

मी तेलाची बाटली हातात घेतली आणि त्यांचं पुसून होईपर्यंत धरून उभा राहिलो.