मेल्यावर हसायचं राहिलं

लग्नाबिग्नाला गेलं आणि मी भीतीचे पिक्चर काढणाऱ्या कंपनीत कपडेपट सांभाळते हे कळलं, की लोक जेवण सोडून खुर्ची ओढतात. "खरंच काही दिसतं का हो तिथे?" दिसत काही नाही. रबर दिसतं, गोंद दिसतो आणि आमच्या डायरेक्टर सरांचा चिडका चेहरा. किस्से मात्र इतके साठलेत की सांगायला बसलं तर घरी जायचं राहून जाईल.

आमच्या पिक्चरचे तीन भाग झाले, चौथा चालू आहे. गोष्ट एकच. आकाशातून एक यंत्र खाडीत पडतं आणि त्यातून जे बाहेर येतं, ते माणसांचे आवाज शिकतं. बुडालेल्या माणसाला नावाने हाक मारली, की हे त्याच्या आवाजात ओ देतं. सेटवर आम्ही त्याला पाहुणा म्हणतो.

*

पाहुण्याचा रबरी सूट माझ्याच ताब्यात. एकदा मी तो दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने नेत होते. दुमडला की त्याला चिरा पडतात, म्हणून चादरीत गुंडाळून बाकावर शेजारी बसवला. तिकीटवाला आला.

"ह्यांचं तिकीट?"

मी चादर बाजूला केली. "रबर आहे दादा. सिनेमाचं."

तो हसला, पुढे गेला आणि पुन्हा मागे आला. बाकावर आम्ही दोघंच होतो.

"मग आगरदांडा किती लांब राहिलं, ते मघाशी मला कोणी विचारलं?"

मी मुकाट्याने दुसरं तिकीट काढलं. उगाच वाद कशाला!

*

पाहुण्याची ओ तयार करायला साउंडच्या नितीनने अख्ख्या युनिटकडून एकेकदा "ओ" म्हणवून घेतलं होतं. ते सगळे आवाज त्याने एकावर एक चढवले. अलिबागला पिक्चर लागला तेव्हा मी आईला घेऊन गेले. पडद्यावर पाहुण्याने ओ दिली आणि आई अंधारात उभीच राहिली.

"अगं सुनंदा, तू कशाला गेलीस त्यात?"

"आई, मी इथे आहे. खाली बस."

दुसऱ्या दिवशी नितीनला कौतुकाने सांगितलं, की आईने एवढ्या गर्दीत माझा आवाज ओळखला.  तो म्हणाला, "मावशी, तुमची ओ मी वापरलीच नाही. तिच्यात वारा आला होता."

तेव्हापासून आई मला घरातसुद्धा हाक मारत नाही. जवळ येऊन हात लावते.

*

आमच्या लाइनीत एक रीत आहे. ज्याचा मरणाचा शॉट असेल, त्याने शॉट ओके झाल्यावर उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि तेही शूट करायचं. नाहीतर ते मरण अंगाला चिकटतं म्हणतात. सर असलं काही मानत नाहीत, पण घेतात. त्यांना तशीही प्रत्येक शॉटची सेफ्टी लागते, म्हणजे तोच शॉट पुन्हा एकदा.

दुसऱ्या भागात हिरॉइन मेली आणि तिला काही केल्या हसू येईना. शेवटी सर स्वतः तिच्यापुढे कमरेला टॉवेल गुंडाळून कोळीनाच नाचले. मेलेली बाई हसून हसून वाळूत लोळली. मी मरेन तेव्हा मला हसवायला सरांनाच बोलवा, असं मी घरी सांगून ठेवलंय.

*

चौथ्या भागात बुडालेल्या कोळ्याचं काम हरीदादाला मिळालं. रेवदंड्याचा हरीदादा पहिल्या भागापासून आम्हाला होडी देतो. गडी हसायला लागला की आधी आवाजच यायचा नाही. नुसतं पोट हलायचं आणि शेवटी खोकल्याची उबळ यायची. मग त्याची बायको, जनावहिनी, पाठीवर थापट्या मारायची.

त्याचा मरणाचा शॉट झक्क झाला आणि तेवढ्यात भरती चढली. "कॅमेरा उचला! हसणं उद्या घेऊ," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो जाळी काढायला गेला. पुढे होडी आगरदांड्याकडे सापडली. हरीदादा नाही सापडला.

शोध थांबला, तरी जनावहिनीने कुंकू पुसलं नव्हतं. ती सेटवर आली आणि सरळ सरांपुढे उभी राहिली. "माज्या मान्साला मेलेला निजवलात नि तसाच ठेवलात. आता तुमीच उठवा त्याला."

मला रडू आवरेना. सर एरवी कोणाचं ऐकत नाहीत, पण त्यांनी मान खाली घालून कॅमेरा लावायला सांगितला.

भर दुपार, ओहोटी. बुडणाऱ्या माणसाचे आम्ही दोन जोड शिवतो, एक भिजवायला, एक कोरडा. हरीदादाचा कोरडा जोड मी त्याच जागी वाळूवर पसरला. कॅमेरा सुरू झाला. सरांनी हाक मारली, "हरी, ऊठ. हस बाबा."

वाऱ्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. नितीनने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, कोणीतरी हसतंय."

जनावहिनीने हेडफोन ओढून कानाला लावले. बाईचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आला हरीदादा. ती ऐकत राहिली. मग पुन्हा ऐकलं. 

"ह्याला खोकला न्हाय," ती म्हणाली.

सवयीने सरांचा हात वर गेला. "एक सेफ्टी..."

तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "परत नाव घेऊन हाक मारू नका."

मग तिने हेडफोन नितीनच्या हातात दिले आणि पदराने कपाळ पुसलं.