रेघ मोडली नव्हती, तरी कमल आऊट

मी दोन्ही हात वर केले आणि म्हटलं, "डेड बॉल."

म्हणजे खेळ तिथेच थांबला. पण हे मैदानावर मला एकटीलाच कळत होतं. कमल बॉल मारून फर्स्ट बेसवर, म्हणजे पळायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचली होती. थर्ड बेसवरची सुलोचना धावत होमला आली होती, म्हणजे एक धाव. आठ-आठ, बरोबरी झाली, असं समजून बोरीचं अर्धं गाव टाळ्या वाजवत होतं. आणि त्याच गावच्या शाळेची पी.टी.ची बाई, म्हणजे मी, हात वर करून खांबासारखी उभी.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सॉफ्टबॉल आमच्याकडे नुकताच आला होता, आणि आणला होता मीच. सुट्टीत एका ट्रेनिंग कॅम्पला गेले, परत येताना दोन बॅटी, पाच ग्लोव्हज आणि सायक्लोस्टाइल केलेलं नियमांचं पुस्तक घेऊन आले. मुलींना खेळ लगेच आवडला. हेडमास्तर साहेबांना आवडला नाही. मुलींनी दांडकं घेऊन मैदानभर पळायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. तरी त्यांनी एक वर्ष दिलं. "बाहेरच्या शाळेशी एक तरी मॅच जिंकून दाखवा," ते म्हणाले, "न्हाईतर हा तास शिवणकामाला. मशिनी धूळ खायल्यात."

ती मॅच आज होती. राणीसावरगावच्या शाळेचे कुरेशी सर मुलींना घेऊन एस.टी.नं आले होते. त्यांना हा खेळ मीच दोन दिवसांत शिकवला होता. पंच मीच. दुसरं कुणी नियम जाणणारं आसपास नव्हतं. आपल्याच शाळेच्या मॅचला आपणच पंच, हे बरं दिसत नाही हे मलाही कळत होतं. मी कुरेशी सरांना तसं म्हटलंही. ते हसून म्हणाले, "बाई, तुमी न्हाई तर मग कोण, एस.टी.चा कंडक्टर?"

आता मी खेळ का थांबवला ते सांगते. बॅट करणारी मुलगी जमिनीवर आखलेल्या एका चौकोनात उभी राहते. त्याला बॅटर्स बॉक्स म्हणतात. कधी कधी तिने मारलेला बॉल पुढ्यातच आपटतो आणि उसळून तिच्याच अंगाला लागतो. तेव्हा पंचाने बघायचं की त्या क्षणी तिचे पाय कुठे होते. बॉक्समध्ये असतील तर फाऊल. धाव धरायची नाही, पण तिने परत बॅट करायची. एक पाऊल जरी पूर्णपणे बॉक्सच्या बाहेर टेकलेलं असेल आणि बॉल मैदानाच्या खेळायच्या भागात असेल, तर ती आऊट. रेघ मात्र बॉक्समध्येच धरतात. टाच रेघेवर असली तरी मुलगी आतच.

कमलचं तसंच झालं होतं. बॉल पुढ्यात आपटला आणि ती पळायला निघता निघता तिच्या उजव्या घोट्यावर बसला. शेवटची इनिंग, पाहुण्या आठ, आम्ही सात, दोन मुली आधीच आऊट. फाऊल म्हटलं तर कमलला आणखी एक संधी. आऊट म्हटलं तर ती तिसरी आऊट, म्हणजे इनिंग संपली, मॅच संपली आणि सोमवारपासून शिवणकाम.

आणि नेमका पाय मला दिसला नव्हता. बॅटरच्या मागे बॉल झेलायला माझ्यापुढे बसलेली कॅचर त्याच क्षणी उठली आणि तिची वेणी माझ्या डोळ्यांसमोर आली. मोठ्या मॅचला बेसजवळ दुसरा पंच असतो. आमच्याकडे कुठला?

हेडमास्तर साहेब खुर्चीवरून उठून मैदानात आले. "बाई, काय करायलाव? धाव झाली की."

"साहेब, धाव धरता येत नाही. बॉल कमलच्या पायाला लागला."

"मग एलबीडब्ल्यू का?" ते हैदराबादला कॉलेजात असताना क्रिकेट खेळले होते. सगळे खेळ शेवटी क्रिकेटलाच जाऊन मिळतात, अशी त्यांची समजूत होती.

मी त्यांना नियम सांगेपर्यंत कुरेशी सर येऊन पोचले. "बाई, पोरगी बॉक्सच्या बाहेर होती. मी फर्स्ट बेसच्या बाजूनं बघायलो होतो."

"तुमी तर म्हणणारच," हेडमास्तर म्हणाले. मग ते धोतराचा सोगा सावरत बॉक्सपाशी उकिडवे बसले आणि पुढच्या रेघेकडे बोट दाखवत म्हणाले, "ही बघा रेघ. जशीच्या तशी हाय. पोरगी पळत बाहेर गेली असती तर रेघ मोडली असती का न्हाई? कुठं मोडलीय दाखवा."

लोक वाकून वाकून बघायला लागले. रेघ खरंच मोडली नव्हती. जमीन सकाळी सडा टाकून चोपलेली, वर उन्हानं कडक झालेली, त्यामुळे पावलाचा ठसा सापडण्याचा प्रश्नच नव्हता. कुरेशी सरांनी एकदा रेघेकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "रेघ तर साबूत हाय," ते हळूच म्हणाले. "आता मी काय बोलू? फैसला तुमचा."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुरावा आमच्या बाजूचा, पाहुणे गप्प, साहेब खूश. फाऊल एवढाच शब्द तोंडातून काढायचा होता. मी तोंड उघडलंसुद्धा.

पण माझी नजर परत त्या रेघेवर गेली, आणि मला ती रेघच खटकली. कॅम्पमध्ये मी पाहिलं होतं, दुसरी इनिंग संपेपर्यंत बॉक्सच्या रेघा पायांनी पार पुसून जातात. एक माणूस चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन त्या परत ओढायलाच बसलेला असतो. इथे सातवी इनिंग चालू होती. दोन्हीकडच्या अठरा मुली या बॉक्समधून आत-बाहेर करून गेल्या होत्या, आणि चारही रेघा सकाळी काढल्या तशाच पांढऱ्याशुभ्र.

त्याचं कारण माझाच आळस. मैदान आखायची फक्की ओल धरून दगड झाली होती. सकाळी मुली म्हणाल्या, "बाई, घरून रांगोळी आणू का?" मी म्हटलं, आणा. त्यांनी सडा टाकून सुतात बॉक्स काढला. मी त्यांचं कौतुकही केलं. सरावालाही चार-सहा वेळा हेच झालं होतं. आणि आमच्याकडे रांगोळीवर पाय देत नाहीत. हे कुणाला शिकवावं लागत नाही, उंबऱ्यापाशी चालायला लागल्यापासून ते पायांत बसलेलं असतं. पाहुण्या मुलीही त्याच वळणाच्या. कमल तर पळत फर्स्ट बेसला पोचली होती, तरी रेघ साबूतच. म्हणजे रेघ साबूत आहे याचा अर्थ कमल आत होती असा होत नव्हता. या मुली पळायला निघाल्या की रेघ ओलांडूनच पाय टाकत असणार. सगळ्या मॅचभर त्या तसंच करत होत्या आणि मी पंच असून ते बघितलं नव्हतं.

पंचाने खेळाडूला विचारून निर्णय द्यायचा नसतो. तरी मी विचारलं.

"कमल, इकडं ये. बॉल लागला तेव्हा पाय कुठं होता?"

"रेघंच्या भायेर, बाई."

"रेघेवर होता का थोडा?"

"न्हाई. रेघंवरून पल्याड टाकला."

"का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू बाईंना साधं कळत नाही. "रांगोळीवर पाय कसा देऊ, बाई? सकाळी मीच घातलीया."

हेडमास्तर माझ्याकडे टक लावून बघत होते. वर्षभराची मेहनत, मुलींच्या घरी जाऊन केलेल्या विनवण्या, सगळं त्या वीतभर जागेत अडकलं होतं. मी मूठ वर केली. "बॅटर आऊट. मॅच राणीसावरगावची."

कमलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी खरं सांगितलं म्हणून हरलो का, बाई?" मी म्हटलं, "नाही गं. मी तुला रेघेवर पाय द्यायला शिकवलं नाही म्हणून हरलो." ते शंभर टक्के खरं होतं. रेघेवर पाय पडला असता तर ती आत धरली गेली असती आणि परत बॅट घेऊन उभी राहिली असती.

हेडमास्तर साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारी मशिनी पुसून घ्या."

कुरेशी सर पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "साहेब, मशिनी नंतर पुसा. पुढच्या महिन्यात आमच्याकडं मॅच ठेवायलोत. तुमची टीम घेऊन या. पण एक अट हाय."

"कसली?"

"पंच ह्याच बाई पायजेत."

"तुमच्या गावात, तुमच्या मॅचला, आमच्या बाई?"

"हो. मी पंच असतो तर रेघ दाखवून गप बसलो असतो. ह्यांनी स्वतःच्या पोरीला आऊट दिलं. आमच्या पोरींना असा पंच कुठं मिळणार?"

दुसऱ्या शाळेने आपल्या बाईंना मानाने बोलवायचं आणि आपण शिवणाचं कारण सांगायचं, हे हेडमास्तर साहेबांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ते म्हणाले, "लेखी पत्र पाठवा." पत्र आठ दिवसांत आलं. त्यांनी ते ऑफिसात काचेखाली लावलं, आणि शिवणकामाचा विषय परत काढला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी चारही बाजूंनी रांगोळीचा बॉक्स काढला आणि एकेका मुलीला अनवाणी रेघेपाशी उभं केलं. "पुसा." कुणी हलेना. कमल पुढे झाली. तिने वाकून रेघेला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मग टाचेने रेघ घासून टाकली. बाकीच्यांनीही तसंच केलं. नमस्कार करून पुसायचं, हे नियमांच्या पुस्तकात नव्हतं, पण पुस्तकात त्याला मनाईही नव्हती.

राणीसावरगावला आम्ही दोन धावांनी जिंकलो. पंच मीच होते, आणि त्या दिवशी आमच्या आणखी दोन मुलींना मी आऊट दिलं. सॉफ्टबॉलचा तास पुढे मी निवृत्त होईपर्यंत टिकला.

नियम मला कॅम्पमध्येच पाठ झाला होता. पंच होण्यासाठी तेवढं पुरत नाही, ज्यांना तो लावायचा त्यांची घरची सवयही ठाऊक असावी लागते. मी मात्र ती आपल्याच मुलींची असून विसरले होते.