मावसाजींची कॉइल

एवढीशी गोष्ट एवढी मोठी करून ठेवणारा माणूस आमच्या मावसाजींसारखा दुर्गपासून डोंगरगडपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मावसाजी त्याला तपासून नापास करतील. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये सारी नोकरी त्यांनी माल तपासण्यात काढली. तारेची माणसापेक्षा उंच वेटोळी, ज्यांना तिथं कॉइल म्हणतात, त्यांच्यासमोरून सरकत जायची आणि हे डोळे बारीक करून, वाकून, थापटून शेवटी एकच शब्द बोलायचे, 'पास' नाहीतर 'रिजेक्ट'. रिटायर होऊन वैशाली नगरात घर बांधलं, पण हा शब्द काही ते प्लांटात ठेवून आले नाहीत. भाजीवाल्याची वांगी रिजेक्ट, न्हाव्याची कात्री रिजेक्ट. शेजारच्या गणपतीची सोंड जरा जास्तच वळली म्हणून मूर्तीसुद्धा रिजेक्ट करायला निघाले होते, तेव्हा मावशीनं हाताला धरून घरी आणलं. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या होणाऱ्या नवऱ्याला त्यांनी चहा पिता पिता चारी बाजूंनी न्याहाळलं आणि आईला बाजूला घेऊन म्हणाले, "पास आहे. पण ग्यारंटी मी नाई देत." माझा नवरा अजूनही त्यांच्यासमोर ताठ बसतो.

जगातली एकच वस्तू त्यांनी कधी रिजेक्ट केली नव्हती, ती म्हणजे सिगरेट. मावशीनं तीस वर्षं कुरकुरत का होईना चालवून घेतलं. पण मग तिला दमा निघाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की घरात धूर अजिबात नको. मावशी भांडली नाही हो, भांडली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या व्हरांड्यात एक झोपाळा आहे. संध्याकाळचा चहा दोघांनी त्यावर घ्यायचा, हे पेपरातल्या छपाईच्या चुका मोठ्यानं वाचून दाखवणार आणि ती मांडीवर कापूस घेऊन देवाच्या वाती वळणार, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या दिवशी यांनी काडी पेटवली तशी ती आपला कप उचलून आत स्वयंपाकघरात जाऊन बसली. "तुमी ओढा आरामात. मले खोकला येते," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आत. मग आतच. मावसाजींनी बडीशेप चघळली, लवंगा चघळल्या, आवळासुपारीचे डबेच्या डबे संपवले, पण तलफ आली की पुन्हा पाकिटाकडे हात. मी भेटायला गेले तर माणूस झोपाळ्यावर एकटा, पेपर घडीचा तसाच. मला म्हणाले, "पाय बापा, हा झोपाळा एका बाजूलेच झुकून राहिला. तिच्याबिगर चहा बी कडू लागते." असं बोलणारा माणूस नव्हे तो.

अशात त्यांचा मुलगा कंपनीच्या कामानं परदेशी जाऊन आला आणि येताना एक यंत्र घेऊन आला. लोखंडी डबी, वर नळी. आत इवलीशी तारेची कॉइल, तिच्यातून ओवलेला कापूस, कापसाला सुवासिक द्रव. बटण दाबलं की कॉइल तापते आणि धुराऐवजी वाफ निघते. "बाबा, हे ओढता ओढता सिगरेट सुटते म्हणतात," तो म्हणाला. मावसाजींनी तुच्छतेनं बघितलं. "फक्त एक आहे," मुलगा पुढं म्हणाला, "याची कॉइल आपल्यालाच बनवावी लागते." झालं! कॉइल हा शब्द कानावर पडला आणि म्हातारा खुर्चीतून उठलाच. मुलानं नमुन्याला दिलेली तयार कॉइल त्यांनी भिंग लावून पाहिली. तांदळाच्या दाण्याएवढी ती. "वेढे सारखे नाईत. रिजेक्ट!"

तयार तारही मुलानं आणली होती, पण दुसऱ्यानं आणलेली तार मावसाजी कशाला घेतील? हथखोजला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा भट्टीच्या तारा बनवायचा कारखाना आहे. त्याला फोन लावून यांनी रुबाबात सांगितलं, "चांगल्या मालाची एक कॉइल पाठव." आता प्लांटातला माणूस प्लांटातल्या माणसाला कॉइल पाठव म्हणाला, तर तो काय तांदळाचा दाणा पाठवणार? दुपारी दारात टेम्पो उभा. ड्रायव्हर घाम पुसत विचारतोय, "कहाँ उतारौं बाबूजी?" आणि मागं करंगळीएवढ्या जाड तारेचं भलंमोठं वेटोळं. मावशीनं खिडकीतून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी तोंडाला पदर लावून हसली. परत पाठवायला मावसाजींचा मान आडवा आला. त्यांनी त्या तारेची मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी केली. "भट्टीत घातली तरी वितळत नाई ही," असं आल्यागेल्याला सांगायचे. मावशीच्या ओल्या परकरांना भट्टीत कोण घालणार होतं, देव जाणे!

शेवटी मुलाचीच तार गुमान घेतली आणि काम सुरू झालं. वेढे गुंडाळायला नेमक्या जाडीची काडी हवी, म्हणून यांनी मोजपट्टी घेऊन घरातलं सगळं मोजलं. अखेर मावशीची स्वेटर विणायची सुई पास झाली. सुईवर तार गुंडाळायची, स्क्रूखाली टोकं पकडायची, मीटर लावून बघायचं, मग बटण दाबून कॉइल लाल करायची. ती मधून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे सारखी लाल झाली पाहिजे. एकीकडेच आधी पेटली की चिमट्यानं दाबून पुन्हा तपासायची. आमच्यासारख्यानं चौथ्या-पाचव्याला समाधान मानलं असतं. हे सकाळी बसत ते दुपारी मावशी "जेवा आता" म्हणेपर्यंत. नापास कॉइलींनी लोणच्याची बरणी भरत चालली. मी विचारलं, "मावसाजी, अहो वाफच तर काढायची आहे ना?" तर म्हणाले, "तुले काय समजते! आंधी माल, मग वाफ." आणि या सगळ्या खटपटीत दोन्ही हात तारेत गुंतलेले, म्हणून सिगरेट राहून जायची. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मावशीच्या मात्र आलं होतं.

कॉइल जमू लागली तर कापूस अडला. कापूस घट्ट ओवला की द्रव आत पोचत नाही आणि जळका वास सुटतो, सैल ओवला की सगळं गळतं. यांनी मावशीच्याच देवघरातला कापूस पळवला होता. तो बोटांनी असा काही पिळायचे की धोतर पिळावं. बटण दाबलं की व्हरांडाभर करपट वास. मावशी दारात उभी राहून बघत होती. देवाच्या वातींत जिचा जन्म गेला, तिला ते पाहवेना.

"अहो, वात अशी वळतात का?" शेवटी ती म्हणालीच. "पिळून काऊन राहिले? इकडे आना."

आणि ती झोपाळ्यावर येऊन बसली. तळहाताला जरा राख लावली, कापूस विंचरला, हलक्या हातानं अशी वात वळली की ती कॉइलीतून सुळकन गेली, ना अडली ना लोंबली. मावसाजी बघतच राहिले. "पास," म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात तिला मिळालेला तो पहिला पास असावा, कारण मावशी चक्क लाजली. मग रोजचंच झालं. हे तार गुंडाळणार, ती वात वळणार, मधे चहा. पेपरातल्या चुकाही पुन्हा सुरू झाल्या.

ज्या दिवशी खरी कॉइल जमली त्या दिवशी मी तिथंच होते. बटण दाबलं आणि ती मधून दोन्हीकडे एकसारखी लाल झाली. मावसाजींनी भिंग लावलं, मीटर लावलं, पुन्हा भिंग लावलं. मावशीनं वात ओवून दिली. द्रव घातला. वेढ्यात खोट नाही, वातीत खोट नाही. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी नळी ओठांशी नेली.

मावशीनं मांडीवरचा कापूस गोळा केला. मग कप उचलला. "ओढा तुमी, एवढी मेहनत केली," ती समजुतीनं म्हणाली. "मी आत बसते. वाफ असो का धूर, मले काई भरवसा नाई." आणि उठायला लागली.

मावसाजींनी नळी खाली घेतली. तिच्याकडे पाहिलं, हातातल्या यंत्राकडे पाहिलं.

"रिजेक्ट," म्हणाले.

"अहो, आता काय राहिलं?" मी ओरडलेच. "सगळं तर पास झालं!"

"हिले उठून जा लागते," ते म्हणाले. "हा डिफेक्टच झाला ना मग."

कॉइल काढून त्यांनी बरणीत टाकली. मावशीनं कप खाली ठेवला आणि पुन्हा त्यांच्या शेजारी बसली. झोपाळा सरळ झाला.

पुढं सरकारनं त्या यंत्रांवर बंदीच आणली, पण मावसाजींच्या घरी त्यानं काही फरक पडला नाही. सिगरेट अशीच सुटली, कुणी न सोडवता. आता दोघंही थकलेत. मावशीची बोटं थरथरतात, म्हणून हल्ली वाती मावसाजीच वळतात. परवा गेले तर मागच्या अंगणात त्या भट्टीच्या तारेवर तिची लुगडी वाळत होती आणि हे झोपाळ्यावर बसून कापूस विंचरत होते. एकेक वात वळून तिच्यासमोर धरायचे आणि तोंडाकडे बघत बसायचे. मावशी डोळे बारीक करून बघते, जरा वेळ लावते, आणि दर वेळी पास करते.