रुमालाची परीक्षा

आमचे मामा दुकानांच्या इमारतींचे नकाशे काढतात. नियमाप्रमाणे दुसरा जिना दाखवला की मालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. "एक पुरे की! तिथे माझं आणखी एक दुकान बसेल!"

मामा वाद घालत नाहीत. मालकाला त्याच्याच जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेतात, डोळ्यांवर रुमाल बांधतात आणि म्हणतात, "धूर झालाय, निघा बाहेर." परवा एक शहाणा चाचपडत थेट सामानाच्या खोलीत शिरला. दुसरा जिना मुकाट मंजूर!

मामांनी हे घरी अगदी रंगवून सांगितलं. मामीने शांतपणे त्यांच्याच डोळ्यांवर रुमाल बांधला. "निघा बाहेर."

दाराशी स्वतःच रचलेल्या नकाशांच्या ढिगावर मामा धाडकन आपटले.

रुमाल सोडत मामी म्हणाली, "नामंजूर."