सूर्य मुका असल्याचं माझं पत्रक

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले. माझी अक्षरओळखच ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर झाली.

त्यामुळे ‘सूर्यातून ओंकार ऐकू येतो’ असा व्हिडिओ शिवाजी पेठेतल्या तालमीत रोज सकाळी मोठ्यानं लागू लागला, तेव्हा मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. सूर्य मुका आहे, अवकाशात पोकळी असते, पोकळीत ध्वनी नसतो, फसू नका. तालमीत प्रत्येकाच्या हातात ते दिलं आणि शाबासकीसाठी एक प्रत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना नेऊन दाखवली.

त्यांनी सवयीनं लाल पेन काढलं.

“पोकळी सूर्याच्या आणि आपल्या मधे आहे रे. सूर्यावर वायू आहे. वायूत ध्वनिलहर जाते, हे तुला आठवीत शिकवलं असेल.”

मग त्यांनी समजावलं: सूर्याचा वायू आत सतत उकळतो, त्या खळबळीतून लहरी उठतात. संथ लहरी बहुतेक खालीच परततात. ज्या वर जातात, त्या वातावरण विरळ होईल तशा वाढत जातात, शेवटी धक्क्यासारख्या फुटतात आणि तिथला वायू तापवतात. एकेका हेलकाव्याला काही मिनिटं लागतात, म्हणून कानाला काहीच कळत नाही. व्हिडिओतला आवाज त्याच लहरी हजारो पट वेगानं वाजवून केलेला. त्यात ओंकार नाही, घरघर आहे.

“म्हणजे फसू नका हे बरोबर ना?”

“तेवढंच.”

आमच्या घरचा नियम असा, की चूक छापली तर दुरुस्तीही छापायची आणि त्याच हातांत नेऊन द्यायची. हा नियम मी आजवर दुसऱ्यांनाच ऐकवला होता. आता दुरुस्ती दिली तर व्हिडिओ जिंकणार, आणि नाही दिली तर माझं पुढचं पत्रक मलाच खरं वाटणार नव्हतं. दोन दिवस मी तालमीची गल्ली टाळून लांबून गेलो. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून घेऊन गेलो.

वस्तादांनी चष्मा लावून दुरुस्ती सगळ्यांना वाचून दाखवली.

“म्हंजे सूर्य वरडतोय की!”

“लहरी आहेत, वस्ताद. ओंकार नाही.”

“परवा मुका हुता. उद्या काय गाणं म्हणणार हाय व्हय?”

सगळी तालीम हसली. मी चिडून भाषणच सुरू केलं आणि त्या भरात सांगून बसलो, की सूर्याचा सगळ्यात वरचा थर पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो.

“चुलीपासनं लांब गेल्यावर जास्त भाजतंय? ते कसं काय, भावा?” वस्तादांनी विचारलं.

मी भाषण थांबवलं.

“नक्की माहीत नाही,” मी म्हणालो. “लहरींचा थोडा वाटा असेल, चुंबकीय क्षेत्राचा जास्त. शास्त्रज्ञांचंही अजून पुरतं ठरलेलं नाही.”

“मग ते बी लिही की. खाली जागा हाय.”

आखाड्याच्या कडेला बसून मी एकेका प्रतीवर ते हातानं लिहिलं. आमच्या घरातल्या कुठल्याच पत्रकात असलं वाक्य आजवर आलेलं नव्हतं. वस्तादांनी पहिली प्रत घेतली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे तेवढं पटलं बघ,” म्हणाले.