रोवण्याच्या गाण्यातली दुसरी ओळ

गोंदिया वेगळं झालं त्यानंतर काही वर्षांनी भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात आम्ही धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी गोळा करत होतो. मी तिथे संगणक विभागात होतो. गाणी ऐकून टाइप करायला करडी गावची एक मुलगी होती. तिची आई स्वतः रोवण्याला जायची. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, एक बाई ओळ उचलते आणि बाकीच्या तीच ओळ मागून घेतात. मुलगी पहिली ओळ कडेपासून टाइप करी आणि मागून आलेली तिच्याखाली, थोडी आत सरकवून. कोण गातं आहे ते त्या मोकळ्या जागेवरूनच कळायचं.

तिच्या मजकुरातून प्रोग्रामने एक्सएमएल फाइल काढायची, हे माझं काम. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे खुणा लावायच्या: हे गाव, हे गाणं. मला नीटनेटकेपणाची भारी हौस. जास्तीच्या मोकळ्या जागा काढ आणि खुणा पायऱ्यांसारख्या मांड, असं मी प्रोग्रामला सांगून ठेवलं. पडद्यावर फाइल इतकी देखणी दिसली की आतलं गाणं मी वाचलंच नाही.

विभागप्रमुखांनी वाचलं. गाणं सलग, आणि प्रत्येक ओळ लागोपाठ दोनदा.

"काय गं, झोपेत टाइप करून राहिली का? सगळंच डबल!"

"नाही ना सर. एक ओळ उचलणाऱ्या बाईची हाय, दुसरी मागच्या बायांची."

"मग मले दिसत काहून नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत होतो.

मला खरंच नवल वाटत होतं. दुपारी तिची मूळ फाइल उघडली, तर तिथे सगळं जागच्या जागी. मग एक सूचना बंद करून पाहिली, मग दुसरी. खुणांच्या मधली रिकामी जागा आणि गाण्याच्या आतली रिकामी जागा, प्रोग्रामला दोन्ही सारख्याच. आतली त्याने पुसली आणि बाहेर स्वतःच्या पायऱ्या घातल्या. शेवटी मी प्रत्येक ओळीला वेगळी खूण लावली, कोण गातं तेही त्यात घातलं. ओळी परत आल्या. लहान मुलासारखा आनंद झाला मला.

"सर, फाइल दुरुस्त केली," मी जाऊन सांगितलं.

"तिच्या चुका शेवटी तुम्हालेच निस्तराव्या लागल्या," ते म्हणाले.

मी माझ्या जागेवर परत आलो. पुढचं टायपिंग दुसऱ्या कोणाला तरी मिळालं.

यंदा करडीला तिच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं.

"तवा कळलं होतं तुमाले?"

"त्याच दुपारी."

"मग सांगतलं काहून नाही?"

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली आणि म्हणाली, "पण सर, ते मोकळी जागा गेली कुठी होती?" मी तिच्या मुलाच्या वहीवर खुणा काढून दाखवल्या. तिने दोन-तीन शंका विचारल्या, अगदी नेमक्या.

आता हे लिहितो आहे, तुझं नाव घालू का, असं निघताना विचारलं.

"नाव नको. फक्त लिवा का मी डबल टाइप केलं नव्हतं."

तिने डबल टाइप केलं नव्हतं.