रसात कालवलेली पावडर

सोळाव्या वर्षी मी कबड्डी खेळायचे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यायचे. दोन्हींची मला सवय झाली होती, लोकांनाच झाली नव्हती. पोरीचं अंग भरत नाही म्हणून वडिलांनी अमरावतीहून प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा आणला. रोज सकाळी मी सरावाहून आले की ते स्वतः पेलाभर कालवून द्यायचे आणि मी प्यायचे.

महिनाभरात माझी शुगर तीनशेच्या खाली उतरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अशीच राहिली तर अकोल्याच्या कबड्डी निवड चाचणीसाठी फिटनेस सर्टिफिकेट मिळणार नाही. घरातली मिठाई कुलपात गेली. माझं दप्तरही तपासून झालं.

"काहून खोटं बोलून राहिली?" वडील विचारायचे. "खाल्लं असशील तं सांग."

मी चोरून काहीच खाल्लं नव्हतं. तेच ते किती वेळा सांगणार? शेवटी मी बोलणंच सोडलं. त्या दिवसांत मला वडिलांचा मनापासून राग यायचा.

चाचणीला चार दिवस उरले तेव्हा डॉक्टरांनी डबा मागवून घेतला. लेबल वाचलं, तर पावडर निघाली वजन वाढवायची. प्रोटीन थोडं, बाकी साखरेचाच भरणा.

"पाण्यात देता की दुधात?" त्यांनी विचारलं.

"पाण्यात कायले? रसात," वडील म्हणाले. "आमच्या वरूडच्या बगीच्यातले आठ संत्रे पिळतो रोज. घरचा माल हाय, त्यानं काय होते?"

आमच्याकडे संत्र्याचा रस कुणी खाण्यात धरतच नसे. डॉक्टरांना रोजचा आहार लिहून दिला तेव्हा पावडर लिहिली, रस नाही. तो कागद मीच लिहिला होता.

डबा बंद झाला, रस बंद झाला. अंडी, डाळ, पनीर, भिजवलेले हरभरे सुरू झाले. इन्सुलिनचं माप धरून एखादं संत्रं सोलून खायला परवानगी मिळाली. शुगर हळूहळू उतरली, पण तोवर संघ निवडून झाला होता.

चाचणीच्या दिवशी मी घरीच होते; वडील माझ्या खाटेशी येऊन बसले. "मी तुले चोर समजलो," ते म्हणाले. "मायं चुकलं."

मी मान हलवली. माफ करायला मात्र मला पुढल्या वर्षी माझी निवड होईपर्यंत वेळ लागला.